वाचकांचे प्रश्न : फिरते घर घेताना आधी छप्पर पाहावे

गेल्या अंकातल्या उन्हाळी सहलींच्या लेखानंतर आरव्ही, म्हणजे प्रवासात राहण्याची सोय असलेले फिरते घर, खरेदीविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर बहुतेक पत्रांतली शंका थोड्याफार फरकाने तीच आहे.

प्रश्न : आम्ही ओहायो राज्यात राहतो. मुले १० आणि ७ वर्षांची आहेत. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी २६ ते २८ फुटांचा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा विचार असून तो ओढण्यासाठी पिकअप ट्रक घरी आहे. ४० हजार डॉलरपर्यंत खर्च करता येईल. तीन डीलरांकडे जाऊन आलो. सगळेच ट्रेलर आतून सुरेख दिसतात आणि प्रत्येक विक्रेता आपलीच कंपनी सर्वांत टिकाऊ असल्याचे सांगतो. उलट, ज्यांनी ट्रेलर घेतले आहेत असे ओळखीचे लोक भेटले, की ‘पहिले वर्ष दुरुस्तीतच गेले’ हेच ऐकू येते. मग कोणती कंपनी विश्वासार्ह मानावी?
— एक दांपत्य, कोलंबस

उत्तर : मोटार घेताना आपण आधी कंपनीचे नाव विचारतो आणि ते रास्तच आहे. मोटारीचे पत्रे साच्यातून निघतात, सांधे यंत्रे जोडतात आणि एकाच मॉडेलच्या हजार गाड्यांत फारसा फरक राहत नाही. ट्रॅव्हल ट्रेलर मात्र मोटारीपेक्षा सुताराच्या, प्लंबरच्या आणि वायरमनच्या कामाला जवळचा आहे. लाकडी पट्ट्या, पातळ प्लायवूड, गोंद, स्टेपल आणि स्क्रू यांनी माणसे हाताने ते घर उभे करतात आणि मग तेच घर ताशी ६० मैलांच्या वेगाने खड्ड्याखळग्यांतून ओढत न्यायचे असते. त्यामुळे ‘कोणती कंपनी’ या प्रश्नापेक्षा ‘समोर उभा असलेला हा एक नग कसा जोडला आहे’ हा प्रश्न अधिक कामाचा ठरतो.

अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गावांत तयार होतात. तिथल्या अनेक कारखान्यांत मजुरी तासांवर नव्हे, तर किती नग बाहेर पडले यावर ठरते. पहाटे काम सुरू होते आणि ठरलेले नग पूर्ण झाले की दुपारीच सुट्टी होते. या पद्धतीतला कामगार आळशी मुळीच नसतो, उलट त्याचा हात विलक्षण चपळ असतो. पण एखादा स्क्रू चौकटीत न बसता शेजारच्या फोममध्ये गेला, तर तो काढून पुन्हा बसवण्यात कोणाचाच फायदा नसतो. म्हणूनच एका कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन ट्रेलरांपैकी एक दहा वर्षे बिनतक्रार चालतो आणि दुसरा पहिल्याच वळवात गळतो.

नावे आणखी एका कारणाने फसवी आहेत. डीलरच्या आवारात पंधरा-वीस नावांच्या पाट्या दिसतात, पण त्यांतल्या बहुतेकांमागचे मालक तीनच आहेत. एअरस्ट्रीम, जेको आणि कीस्टोन ही नावे थॉर समूहाची आहेत. फॉरेस्ट रिव्हर ही कंपनी २००५ पासून बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे. विनेबागोने २०१६ मध्ये ग्रँड डिझाइन आणि २०१९ मध्ये न्यूमार विकत घेतली. शिवाय खालचा पोलादी सांगाडा आणि मुक्कामी खोली मोठी करण्यासाठी बाहेर सरकणाऱ्या भिंतींची यंत्रणा बऱ्याच नावांसाठी लिपर्ट या एकाच पुरवठादाराकडून येते, आणि फ्रीज, एसी, हीटर यांवरही डोमेटिकसारखी मोजकी नावेच पुन्हा पुन्हा दिसतात. दारापाशी आरव्हीआयए या उत्पादकांच्या संघटनेचा शिक्का असतो व विक्रेता तो हमखास दाखवतो. वीज, गॅस, पाणी आणि आगीपासूनची सुरक्षितता यांविषयीचे नियम पाळल्याची ती निर्मात्याची ग्वाही आहे. भिंत गळणार नाही, असे तो शिक्का म्हणत नाही. जाहिरातीतल्या ‘चारही ऋतूंसाठी’ या शब्दांनाही सर्वमान्य व्याख्या नाही. टाक्यांखाली उष्णतारोधक थर आहे का आणि पाण्याच्या नळ्या गरम हवेच्या वाटेवर आहेत का, हे वाकून पाहिल्याशिवाय त्या शब्दांना किंमत देऊ नये.

मग पाहायचे काय? माझे मत विचाराल तर पाणी. पंप बिघडला तर बदलता येतो, फ्रीज बदलता येतो, गादी तर पहिल्याच महिन्यात बदलावी लागते. भिंतीत मुरलेले पाणी मात्र आतल्या आत प्लाय कुजवत राहते आणि बाहेर डाग दिसेपर्यंत दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करू लागलेला असतो. ज्यांचे बालपण कोकणात गेले त्यांना शाकारणी आठवत असेल. मृग लागण्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून, वासे आणि रिपा तपासल्या जात. घर कितीही भक्कम बांधलेले असो, शाकारणी कोणी चुकवत नसे. आरव्हीचे छप्पर हीच शिस्त मागते. त्यावर रबराचा किंवा प्लास्टिकचा एकसंध पडदा ताणलेला असतो आणि तो स्वतः सहसा गळत नाही. गळतात ती त्याला पाडलेली भोके : झरोके, एसी, अँटेना, टाक्यांच्या वायुनलिका, कडेच्या पट्ट्या. अशा प्रत्येक भोकाभोवती फट बुजवणाऱ्या सीलंटचा थर असतो, तो उन्हाने आणि थंडीने तडकतो, आणि वर्षातून किमान दोनदा शिडीवर चढून तो पाहावा लागतो. विक्रेत्याला शिडी मागावी. त्याने टाळाटाळ केली, तर पुढच्या डीलरकडे जावे.

भिंती तीन प्रकारच्या असतात आणि त्यांतला फरक माहीत असलेला बरा. सर्वांत स्वस्त प्रकारात लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये काचतंतूंची गादी आणि बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. हा प्रकार जुनाट दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, परंतु तो उलगडून दुरुस्त करता येतो, आणि कुजलेली पट्टी काढून नवी बसवणे कोणत्याही चांगल्या सुताराला जमते. दुसऱ्या प्रकारात ॲल्युमिनियमची चौकट, फोम, पातळ प्लाय आणि गुळगुळीत फायबरग्लास यांचे थर गोंदाने एकत्र दाबून एकच फळा केलेला असतो. ही भिंत हलकी आणि देखणी असते, पण तिच्यात पाणी शिरले की गोंद सुटतो आणि फायबरग्लास फुगून येतो. असा फुगा दिसण्यासाठी समोर उभे राहून उपयोग नाही. ट्रेलरच्या कोपऱ्याला गाल लावल्यासारखे उभे राहून, कलत्या उन्हात भिंतीच्या लांबीवर नजर टाकावी, म्हणजे पृष्ठभागावरची लाट लगेच कळते. काही कंपन्या आता प्लायऐवजी न कुजणारा कृत्रिम थर वापरतात; ॲझडेल हे त्यातले प्रचलित नाव. तो छपरापर्यंत सगळीकडे आहे की फक्त बाहेरच्या बाजूला, हे विचारून घ्यावे, कारण माहितीपत्रकात नाव एकदाच आणि ठळक छापलेले असते. तिसरा प्रकार म्हणजे साच्यात ओतलेल्या फायबरग्लासच्या दोन टोपल्या एकमेकींवर पालथ्या घालून जोडलेला ट्रेलर. सांधा जवळजवळ एकच, म्हणून गळती कमी आणि पुनर्विक्रीची किंमतही चांगली राहते. स्कॅम्प आणि कॅसिटा ही त्यातली जुनी नावे. मात्र हे ट्रेलर लहान असतात. आपल्यासारख्या चौघांच्या कुटुंबाला त्यात आठवडाभर पाऊस लागला, तर टिकाऊपणाचे कौतुक दुसऱ्या दिवशीच ओसरेल.

तपासणीची एक साधी रीत सांगतो. विक्रेता स्वयंपाकाचा ओटा दाखवण्यात रमलेला असताना आपण पलंगाखालचे कपाट उघडावे, विजेरी आत धरावी आणि बाहेरच्या भिंतीचा खालचा कोपरा अंगठ्याने जोर देऊन दाबावा. कोरडी भिंत दाद देत नाही. पाणी मुरलेली भिंत चहात बुडवलेल्या खारीसारखी आत जाते आणि अंगठ्याला गार ओल लागते. असेच समोरच्या खिडकीखाली, न्हाणीघराच्या झरोक्याभोवती आणि सरकत्या भिंतीच्या चारही कोपऱ्यांत करावे. आत सुगंधी फवाऱ्याचा वास घमघमत असेल, तर तो कशावर मारला आहे याचा शोध घ्यावा. ओलावा मोजणारे छोटे उपकरण हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि ते खिशात असल्याचे दिसले की विक्रेत्याची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे.

माझा पहिला ट्रेलर नवाकोरा होता. पहिल्याच मुक्कामी, रात्री सगळे नळ बंद असताना, पाण्याचा पंप दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर गुरगुरून थांबू लागला. नळ बंद असताना पंप चालू होतो याचा अर्थ नळीतला दाब कुठेतरी उतरतो आहे, एवढे मला अभियंता म्हणून कळायला हवे होते. मी मात्र कूस बदलून झोपलो. तीन सहलींनंतर शॉवरमागची फळी काढली, तेव्हा एक जोड बोटांनीच गरागरा फिरला. त्याच पोकळीत मूठभर भुसा, नऊ स्क्रू आणि चॉकलेटचा एक कागद सापडला. जोड आवळायला पाच मिनिटे लागली, परंतु तोपर्यंत खालचा प्लाय हातभर फुगून आला होता आणि तो बदलून मिळेपर्यंत वसंत ऋतू संपला. कारखान्याने चूक केली होती यात शंका नाही. डीलरने ताबा देण्यापूर्वी टाकी भरून पंप चालवला असता आणि मी शेजारी उभा राहून अर्धा तास कान दिला असता, तर ती तिथेच सापडली असती.

म्हणून ताबा घेण्याच्या दिवशी घाई करू नये. पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि सगळे तपासून होईपर्यंत शेवटच्या कागदावर सही करू नये. पाण्याची टाकी काठोकाठ भरून पंप चालवावा. गॅस आणि वीज या दोन्हींवर चालणारा फ्रीज असेल, तर तो दोन्हींवर चालवून पाहावा. असा फ्रीज थंड व्हायला कित्येक तास घेतो, तेव्हा तो आदल्या रात्रीपासून सुरू ठेवण्यास सांगावे. सरकती भिंत तीन वेळा आत-बाहेर करावी आणि दोन्ही टोके बरोबरीने सरकतात का ते पाहावे. अशा भिंती जितक्या कमी तितके बरे. माझ्या मते आपल्याला एक पुरेशी आहे. गॅसच्या नळीची दाब-चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. हे सगळे स्वतः करण्याचा आत्मविश्वास नसेल, तर काहीशे डॉलर देऊन स्वतंत्र प्रमाणित निरीक्षक नेमता येतो. काही तंत्रज्ञ पंख्याने ट्रेलरमध्ये हवेचा किंचित दाब भरून बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी मारतात आणि जिथे बुडबुडे येतात तिथे खूण करतात. सायकलचे पंक्चर शोधण्याचीच ही मोठी आवृत्ती आहे आणि जुन्या ट्रेलरसाठी तिच्याइतकी खात्रीची दुसरी चाचणी मला माहीत नाही.

आता वजनाकडे वळू, कारण पुष्कळशा ‘अविश्वसनीय’ ट्रेलरांचे मूळ दुखणे अतिभार हे असते. उदाहरणासाठी एखादा ट्रेलर घेऊ. भरल्यावर त्याचे कमाल वजन ७,६०० पौंड आणि रिकामे वजन ६,२०० पौंड. म्हणजे सामानासाठी १,४०० पौंड उरले. पाणी गॅलनला सुमारे ८.३ पौंड भरते, तेव्हा ४० गॅलनची टाकी भरली की त्यातले साधारण ३३० पौंड गेले. उरलेल्या १,०७० पौंडांत चौघांचे कपडे, अंथरुणे, भांडी, सायकली, खुर्च्या, हत्यारे आणि (आपल्याकडे असतोच तो) तांदळाचा डबा. हिशेब जमतो असे वाटते. आता ॲक्सलवरची, म्हणजे चाके जोडणाऱ्या आसावरची, पाटी वाचावी. प्रत्येकी ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल म्हणजे ७,००० पौंड. वरचे ६०० पौंड ट्रेलरचा पुढचा दांडा आपल्या ट्रकवर टाकतो, असे गृहीत धरून ७,६०० हा आकडा छापलेला आहे. म्हणजे ट्रेलर कमाल वजनापर्यंत भरला, की ॲक्सल, स्प्रिंगा आणि टायर यांना श्वास घ्यायला जागाच नाही. त्याच लांबीच्या दुसऱ्या ट्रेलरला मोठे ॲक्सल दिलेले असतील, तर हजार-दोन हजार डॉलर अधिक गेले तरी मी तो घेईन; हा फरक फोटोत दिसत नाही, रस्त्यावर दिसतो. घेतल्यानंतर एकदा भरलेला ट्रेलर ट्रकतळावरच्या वजनकाट्यावर नेऊन पाहावा. त्याचा खर्च किरकोळ असतो.

टायरची तारीख वाचायला तर काहीच लागत नाही. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार अंक असतात. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसली, तरी पाच-सहा वर्षांपुढचा ट्रेलरचा टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा. फुटलेला टायर नुसता फुटत नाही, जाता जाता चाकावरचे आच्छादन, त्यामागची नळी आणि कधी कधी भिंतीचा खालचा भागही घेऊन जातो.

नवा घ्यावा की वापरलेला, हे आपण विचारलेले नाही, पण मी सांगणार आहे. नव्या ट्रेलरची किंमत आवाराबाहेर पडताच झपाट्याने उतरते आणि त्यातले कारखान्याचे दोष शोधण्याचे कामही पहिल्या मालकाच्या वाट्याला येते. तीन ते पाच वर्षांचा, छपराखाली उभा केलेला, दुरुस्त्यांच्या पावत्या जपलेला ट्रेलर मिळाला, तर ते दोन्ही ओझे दुसऱ्याने उचललेले असते. एक सावधगिरी मात्र हवी. महासाथीच्या काळात मागणी इतकी वाढली, की २०२१ या एका वर्षात ६ लाखांच्या आसपास आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. २०२३ मध्ये तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. त्या घाईतले बरेच नग आता वापरलेल्या बाजारात आहेत. ते सरसकट टाकाऊ नाहीत, परंतु त्या सालचा ट्रेलर असेल तर अंगठा दुप्पट वेळा दाबावा. वाहन क्रमांक टाकून सुरक्षाविषयक परत बोलावणी (रिकॉल) शोधण्याची सोय अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने विनामूल्य ठेवली आहे. ती पाहून एखादी दुरुस्ती राहिली आहे का, हेही विचारावे.

आणि डीलर निवडताना किमतीपेक्षा त्याच्या दुरुस्ती विभागात आधी जावे. तिथे उभ्या असलेल्या गाड्या किती आठवड्यांपासून सुट्या भागांची वाट पाहत आहेत, हे रांगेतल्या एखाद्या मालकाशी बोलले की कळते. दूरच्या राज्यातून दोन हजार डॉलर स्वस्त आणलेला ट्रेलर जवळचा डीलर वॉरंटीच्या कामासाठी रांगेत शेवटी उभा करतो. ते काम आधी करण्याचे त्याच्यावर बंधन नाही आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही मोटरहोम घेत आहोत. डीलर म्हणतो, की मूळ वॉरंटी एकाच वर्षाची आहे आणि कर्ज १५ वर्षांचे आहे, म्हणून विस्तारित वॉरंटी घेतलीच पाहिजे. घ्यावी का?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : ‘घेतलीच पाहिजे’ असे ज्या टेबलावर सांगितले जाते, तिथे सही करू नये. डीलर जे विकतो आहे ती बहुधा निर्मात्याची वॉरंटी नसून तिसऱ्याच कंपनीचा सेवा-करार असतो. त्याची किंमत घासाघीस करून कमी होते आणि बऱ्याचदा तो नंतरही घेता येतो. कराराच्या पहिल्या पानावर काय भरून मिळते ते असते. आपण आधी ‘काय वगळले आहे’ ते पान वाचावे. पाण्याची गळती, सीलंट, भिंतीचे थर सुटणे या गोष्टी बहुतेक वेळा वगळलेल्या असतात, म्हणजे सर्वांत महागडे दुखणे बाहेरच राहते.

मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेल्या फिरत्या घरात, मुळात एक नव्हे, तीन-चार वॉरंट्या असतात. इंजिन व चॅसी (खालचा सांगाडा) फोर्ड, मर्सिडीज किंवा रॅम यांची. वरचे घर दुसऱ्या कंपनीचे. फ्रीज, एसी, जनरेटर तिसऱ्यांचे. बिघाड झाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तेव्हा आपल्या गावाजवळ त्या उंचीची आणि वजनाची गाडी आत घेणारे सर्व्हिस सेंटर आहे का, हे त्या-त्या चॅसी कंपनीला आधीच फोन करून विचारावे. मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनवर बांधलेल्या गाडीबाबत तर अवश्य. घराच्या भागाची वॉरंटी वाचताना खटला कोणत्या राज्यात चालवायचा, याचे कलमही पाहावे, कारण काही करारांत ते इंडियाना असते. सदोष वाहनांविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि काही ठिकाणी मोटरहोमचा राहण्याचा भाग त्यांच्या कक्षेत येत नाही.

मी स्वतः असा करार घेतला नाही. तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाकली. वर्षाला दहा-पंधरा हजार मैल फिरणार असाल आणि गाडी डिझेलची मोठी असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्सपुरता करार विचारात घेण्यासारखा आहे. तोही करार देणारी विमा कंपनी कोण आहे, हे लेखी मिळाल्यावर.

प्रश्न : आम्ही निवृत्त असून पुण्यात राहतो. मुलाकडे अमेरिकेत मोटरहोमने फिरलो आणि आता इथेही तसे वाहन करून घ्यावे असे वाटते. एका वर्कशॉपने ट्रॅव्हलर व्हॅनचे रूपांतर करून देण्याची तयारी दाखवली आहे. दर्जाची खात्री कशी करावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्याकडे वाहनाच्या भागाची चिंता तुलनेने कमी आहे. फोर्स ट्रॅव्हलर ही गाडी ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ म्हणून गावोगावी धावते, त्यामुळे तिचा मेकॅनिक आणि सुटे भाग आडगावातही सापडतात. जोखीम आहे ती रूपांतराच्या कामात आणि कागदांत.

कागदांचे आधी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वर्कशॉपने बांधलेल्या त्याच आराखड्याला मान्यता मिळाल्याचे प्रमाणपत्र आणि ‘कॅरॅव्हॅन’ म्हणून नोंद झालेले एखादे आरसी बुक दाखवायला सांगावे. ‘नंतर आरटीओत बघून घेऊ’ असे उत्तर आले, तर विमा कंपनी अपघाताच्या वेळी काय बघून घेईल, याचा विचार करावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, पण त्यामुळे या कागदांची गरज संपत नाही.

कामाचे पुढे. कपाटांना आणि जमिनीला कोणता प्लाय वापरणार हे लेखी घ्यावे. आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का आहे आणि आयएस ३०३ हा साध्या प्लायचा. बाहेरून सनमायका एकच दिसतो, म्हणून सनमायका चिकटवण्याआधी जाऊन फळीवरचा शिक्का स्वतः पाहावा आणि मोबाइलवर फोटो काढावा. एसीसाठी टपाला भोक पाडले, की कापलेल्या पत्र्याच्या कडेला गंजरोधक रंग लावला का, हेही त्याच भेटीत पाहून घ्यावे, कारण आपल्या चार महिन्यांच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. प्रत्येक विद्युत-रेषेला स्वतंत्र फ्यूज, बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत जाड तार, आणि गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खालीच साचतो; वरच्या खिडकीने तो जात नाही. एसी रात्रभर बॅटरीवर चालेल असे आश्वासन मिळाले असेल, तर आधी बांधलेल्या एखाद्या गाडीत मे महिन्यात एक रात्र भाड्याने झोपून पाहावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी गाडी एखाद्या वॉशिंग सेंटरवर नेऊन टपावर, खिडक्यांवर आणि एसीच्या भोवती अर्धा तास पाण्याचा मारा करावा. एकाने बाहेर पाइप धरावा, दुसऱ्याने आत विजेरी आणि कोरडा वर्तमानपत्राचा कागद घेऊन प्रत्येक कोपऱ्यात बसावे. मारा थांबल्यावर लगेच उठू नये. पाणी आतल्या पत्र्यामागून वाट काढत यायला वेळ घेते, आणि कागदावर पहिला थेंब बहुधा चहा पिऊन परत आल्यावर दिसतो.